खुर्चीमागे उभा असलेला माणूस : ब्रिटिश मालिकांमधले समलैंगिक आणि जेवणाचं टेबल

रानजाई

'डाऊन्टन ॲबी' या एका उमरावाच्या घरावरच्या मालिकेतले जेवणाचे प्रसंग बघितलेल्यांना ते टेबल विसरता येणार नाही. चांदीची भांडी, एकेका माणसापुढे पाच-पाच पेले, आणि भिंतीशी ताठ उभे असलेले दोन-तीन तरुण, हातात पांढरे मोजे. कॅमेरा बसलेल्यांवर असतो, संवादही त्यांचेच. मला बोलायचंय ते उभ्या असलेल्यांपैकी एकाबद्दल, म्हणजे थॉमस बॅरोबद्दल.

थॉमस या मालिकेचा खलनायक आहे असं बरेच जण म्हणतात. पहिल्या दोन मोसमांत तो चोरी करतो, कागाळ्या करतो, सोबतच्या बेट्स या नोकराला घालवायला टपलेला असतो. पण पहिल्याच भागात, १९१२ सालच्या कथानकात, ड्यूक ऑफ क्रोबरो पाहुणा म्हणून येतो तेव्हा आपल्याला कळतं की या दोघांचे संबंध होते. थॉमसकडे ड्यूकची पत्रं आहेत. ड्यूक ती शोधून शेकोटीत टाकतो आणि सकाळी निघून जातो. त्याच ड्यूकला थॉमसने आदल्या रात्री जेवण वाढलेलं असतं. दोघांचं नातं एकच, पण एक जण बसणारा आणि एक जण उभा राहणारा. पत्रं जळल्यावर थॉमसच्या हातात काहीच उरत नाही.

मला या मालिकेतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: ज्या जेवणपद्धतीने थॉमसला त्या खुर्चीमागे उभं केलं, तिनेच त्याच्यासारख्या माणसाला आडोसा दिला आणि तिनेच त्याला कायमचं दुसऱ्याच्या मुठीत ठेवलं. हे नीट कळायला थोडा इतिहास बघायला लागतो.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बड्या घरांत फ्रेंच पद्धतीने वाढत. एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे, अगदी समोरासमोर जोड्या जुळवून. सूप, मासे, भाजलेलं मांस, पाय (pie), सगळं एकत्र. मग ज्याच्यापुढे जे असेल ते त्याने कापायचं, शेजाऱ्याला वाढायचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा पदार्थ हवा असेल तर मागवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. यात नोकर लागत, पण प्रत्येक घासाला नाही.

एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत आली. १८१० च्या सुमाराला पॅरिसमधला रशियन राजदूत प्रिन्स कुराकिन याने ती तिथे आणली असं सांगतात. इंग्लंडमध्ये ती रुळायला वेळ लागला, पण १८७०-८० पर्यंत बड्या घरांत हीच पद्धत झाली. एकामागून एक पदार्थ, प्रत्येक पदार्थ नोकराने पाहुण्याच्या डाव्या बाजूला धरायचा, पाहुण्याने त्यातून घ्यायचं. टेबलाचा मधला भाग मोकळा झाला, तिथे फुलं आणि फळं आली. पुढे काय येणार हे दिसेनासं झालं म्हणून छापील मेनू आला. आणि मुख्य म्हणजे माणसं लागायला लागली. वीस पाहुण्यांना गरम मासा गरमच मिळायचा असेल तर दोन हात पुरत नाहीत.

ही माणसं पुरुष हवीत, हा दिमाखाचा भाग. १७७७ साली लॉर्ड नॉर्थने अमेरिकेतल्या युद्धाच्या खर्चासाठी पुरुष नोकरांवर कर बसवला होता, डोई एक गिनी. काही ना काही रूपात तो कर थेट १९३७ पर्यंत टिकला. म्हणजे दारात पुरुष नोकर असणं हेच श्रीमंतीचं प्रमाणपत्र. फूटमन, म्हणजे जेवण वाढणारा गणवेशातला नोकर, उंच हवा, दोघं असतील तर जोडी सारख्या उंचीची हवी, उंचीप्रमाणे पगार वाढे. कित्येक घरांत फूटमनचं खरं नाव काहीही असो, त्याला जेम्स किंवा जॉन म्हणायचे. आणि तो अविवाहित हवा. लग्न केलं की बहुतेकदा नोकरी गेली.

आता हे एकत्र बघा. देशभरातल्या मोठ्या घरांच्या पोटमाळ्यावर आणि तळघरात तरुण अविवाहित पुरुष राहतायत, खोल्या वाटून घेतायत. तिशीतल्या माणसाला "लग्न कधी करणार?" असं कुणी विचारत नाही, कारण न करणं ही नोकरीची अट आहे. ज्याला लग्न करायचंच नव्हतं त्याला याहून सुरक्षित जागा कुठे मिळणार होती?

पण नोकरी सुटली तर मालकाकडून चारित्र्याचा दाखला लागायचा. तो देण्याचं मालकावर कायद्याने बंधन नव्हतं. खोटा दाखला देणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला मात्र १७९२ च्या कायद्याने शिक्षा होती. म्हणजे मालकाने नुसतं "मी काही लिहून देणार नाही" म्हटलं की माणूस रस्त्यावर. त्यात १८८५ च्या फौजदारी कायद्याचं अकरावं कलम, पुरुषांमधल्या कुठल्याही 'असभ्य वर्तना'ला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तिसऱ्या मोसमात, १९२० सालच्या गोष्टीत, थॉमस झोपलेल्या जिमी या फूटमनचं चुंबन घेतो आणि दुसरा फूटमन आल्फ्रेड ते बघतो. त्यानंतर सगळी झुंज चालते ती दाखल्यावरून. दहा वर्षं इमाने केलेली चाकरी एका कागदाअभावी मातीमोल होणार असते.

जिमीला न विचारता केलेली ती कृती चूकच होती, हे मालिकाही लपवत नाही. ओब्रायन या मोलकरणीने थॉमसचा पद्धतशीर गैरसमज करून दिलेला असतो. मला म्हणायचंय ते शिक्षेबद्दल. त्या चुकीची किंमत एका घरात माफी आणि बदली एवढी असू शकली असती. त्या काळी ती किंमत तुरुंग होती.

तुम्ही बघितलेल्या ब्रिटिश मालिकांमध्ये जेवणाचं टेबल आणि समलैंगिक पात्रं असं कुठे जाणवलं? जुन्या-नव्या सगळ्या चालतील.

---

खडीसाखर

रानजाई, मी ही मालिका दोनदा बघितलीये, पण कर आणि अविवाहित असण्याची अट हे माहीत नव्हतं. एक शंका आहे. थॉमस आधी फूटमन, मग व्हॅले, मग अंडर-बटलर, शेवटी बटलर होतो. यातला फरक जेवताना दिसतो का? सगळेच काळ्या-पांढऱ्या कपड्यात असतात.

---

पाचपाकळी

खडीसाखर, दिसतो. मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय, तिथे आम्हाला हे सगळं घोटून घेतलं होतं, त्यामुळे मला या मालिकेत माणसांआधी हात दिसतात.

फूटमन लिव्हरी घालतो, म्हणजे घराण्याचा गणवेश, आणि हातात मोजे. पदार्थाचं ताट डावीकडून धरतो, झालेली बशी उचलतो. बटलर मोजे घालत नाही. तो वाइन ओततो, मांस कापायचं असेल तर बाजूच्या टेबलावर कापतो आणि एका नजरेने सगळ्यांना हलवतो. व्हॅले मालकाचे कपडे, दाढी, प्रवास बघतो, जेवणाशी त्याचा संबंध एरवी नसतो. माणसं कमी पडली तरच त्याला वाढायला उभं करतात, आणि थॉमसला ते अपमानाचं वाटतं. तिसऱ्या मोसमात बटलर कार्सन आल्फ्रेडला चमचे ओळखायला शिकवतो तो प्रसंग आठवा. एक चमचा ओळखता न येणं म्हणजे फर्स्ट फूटमनची पायरी दूर जाणं.

रानजाईंच्या मुद्द्यात भर घालते. बसणाऱ्यांची पद्धतही पूर्ण स्त्री-पुरुष जोडीवर उभी होती. दिवाणखान्यातून जेवणघरात जाताना यजमान सगळ्यात मानाच्या बाईला हात देऊन पुढे, मग मानाप्रमाणे जोड्या, यजमानीण सगळ्यात शेवटी मानाच्या पुरुषाबरोबर. टेबलावर एक बाई, एक पुरुष अशी आळीपाळी. पहिल्या पदार्थाला एका बाजूच्या शेजाऱ्याशी बोलायचं आणि मग यजमानीण वळली की सगळ्या टेबलाने दुसरीकडे वळायचं. जेवण झालं की बायका उठून जाणार, पुरुष पोर्ट घेत बसणार, आणि बाटली डावीकडेच फिरणार.

यात दोन पुरुष किंवा दोन बायका जोडीने येण्याला जागाच नाही. एकट्या पुरुषाला मात्र प्रचंड मागणी. ऐनवेळी कुणी आजारी पडलं, टेबलावर बायका जास्त झाल्या, तर बोलावायला एखादा चांगला बोलणारा, चांगले कपडे घालणारा अविवाहित गृहस्थ प्रत्येक यजमानिणीच्या यादीत असायचा. त्यातले कितीतरी जण का अविवाहित होते हे सगळ्यांना ठाऊक असणार. त्यांना दर आठवड्याला ताट मिळत होतं, फक्त ज्याच्याबरोबर यावंसं वाटे त्याच्याबरोबर येता येत नव्हतं.

---

उंबरठा

धागा आवडला, पण मालिकेबद्दल माझं मत इतकं उदार नाही. 'डाऊन्टन'मध्ये सगळं फार गोड केलंय. जिमीच्या प्रकरणात घराचा मालक लॉर्ड ग्रँथम म्हणतो की शाळेत, ईटनमध्ये, हे असलं खूप बघितलंय, त्यात एवढं काय. हाउसकीपर मिसेस ह्यूजेसला कणव येते, बेट्स मदत करतो, पोलीस आले तर त्यांना वाटेला लावतात. १९२० सालच्या यॉर्कशरमध्ये इतकी सगळी समजूतदार माणसं एका छपराखाली? मला पटत नाही.

खऱ्या घरात काय झालं ते बघा. सातवा अर्ल बोशाम्प, मॅड्र्‍सफील्ड कोर्टचा मालक, सात मुलांचा बाप, हाऊस ऑफ लॉर्ड्समधला लिबरल पक्षाचा नेता. फूटमन लोकांशी त्याचे संबंध होते हे त्याच्या वर्तुळात माहीत होतं. जेवणाच्या टेबलावर त्याने बटलरला हळूच फ्रेंचमध्ये "झ तादोर" (माझं तुझ्यावर प्रेम आहे) म्हटलेलं एका पाहुण्याने ऐकलं आणि शेजारी बसलेल्या हॅरल्ड निकल्सनने "छे, तो 'शट द डोअर' म्हणाला" असं सांगून वेळ मारून नेली, असा किस्सा सांगतात. तोपर्यंत सगळं सांभाळून घेतलं गेलं. १९३१ साली त्याच्या मेव्हण्याने, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने, राजाकडे तक्रार नेली आणि अर्लला देश सोडावा लागला. इतक्या मोठ्या माणसाची ही गत, तर थॉमसची काय झाली असती?

आणि एक. या मालिकेत जेवणाची सुरुवात कधी दाखवत नाहीत हे लक्षात आलंय का? इतिहास-सल्लागार ॲलिस्टर ब्रूस यांनी सांगितलंय की जेवणाआधी प्रार्थना व्हायचीच, पण धर्म नको म्हणून प्रसंग नेहमी सगळे बसल्यावर सुरू करायचे. ज्या गोष्टी आजच्या प्रेक्षकाला टोचतील त्या काढल्या जातात. थॉमसबद्दलचा तिरस्कारही तसाच पातळ केलाय असं माझं म्हणणं.

---

रानजाई

उंबरठा, लॉर्ड ग्रँथमबद्दल मान्य. पण तुम्ही दिलेलंच उदाहरण बघा. मेव्हणा उठेपर्यंत बोशाम्पला वर्षानुवर्षं सांभाळून घेतलंच ना? घरातलं घरात ठेवायचं, कारण बाहेर गेलं की घराण्याचं नाव जातं. लॉर्ड ग्रँथमचा समजूतदारपणा मला त्या जातीचा वाटतो. त्याला थॉमसची कणव असेलही, पण क्रिकेटच्या सामन्यात त्याला थॉमसच्या धावा हव्यात हेही मालिका स्पष्ट दाखवते!

आणि गोड म्हणाल तर पाचवा मोसम आठवा. मासिकातली जाहिरात बघून थॉमस लंडनला जातो, स्वतःला 'बदलून घ्यायला'. विजेचे उपचार, मग गोळ्या आणि इंजेक्शनं. डॉक्टर क्लार्कसन तपासतात तेव्हा कळतं की इंजेक्शनात नुसतं मीठपाणी आहे आणि सुया स्वच्छ नसल्याने गळू झालंय. सहकारी बॅक्स्टर त्याला ओढून डॉक्टरकडे नेते म्हणून तो वाचतो. सहाव्या मोसमात त्याला घरातून काढण्याचं हळूहळू चाललेलं असतं, नवा मुलगा अँडी त्याच्याशी बोलायला घाबरतो, आणि तो जीव द्यायचा प्रयत्न करतो. ते प्रकरण मला आजही बघवत नाही.

त्या मोसमात खालच्या, नोकरांच्या टेबलावर लक्ष ठेवा. तिथेही पंक्तिप्रपंच होताच. बटलर एका टोकाला, हाउसकीपर दुसऱ्या, मग हुद्द्याप्रमाणे. पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांना त्यांच्या मालकाच्या नावाने हाक मारत आणि मालकाच्या मानाप्रमाणे बसवत. काही मोठ्या घरांत तर वरिष्ठ नोकर शेवटचं गोड खायला हाउसकीपरच्या खोलीत निघून जात. थॉमस वर चढत चढत त्या टेबलावर चांगल्या खुर्चीवर आलाय, पण त्याच्याशी कुणी बोलत नाही. हे मला वरच्या मजल्यावरच्या सगळ्या नाट्यापेक्षा जास्त खरं वाटतं.

---

जुनापट

'डाऊन्टन'च्या आधीची चाळीस वर्षं विसरू नका. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' (१९७१ ते ७५, लंडन वीकेंड टेलिव्हिजन) मध्ये पहिल्याच मोसमात फूटमन आहे, आल्फ्रेड. जर्मन बॅरन घरच्या मुलीला मागणी घालायला येतो आणि घरातली मोलकरीण रोझ त्याला आल्फ्रेडबरोबर बघते. बॅरन हेरगिरीही करत असतो, दोघं पळून जातात. पुढे आल्फ्रेड परत येतो तो खुनाचा आरोप घेऊन, रोझ त्याला लपवून ठेवते, आणि शेवटी तो फाशी जातो. समलैंगिक म्हणजे परदेशी, हेर, खुनी, सगळं एका माणसात भरलंय. थॉमसला निदान सहा मोसम मिळाले, चूक करायला आणि सुधारायला.

पण त्याच दशकात, डिसेंबर १९७५ मध्ये, थेम्स टेलिव्हिजनने 'द नेकेड सिव्हिल सर्व्हंट' दाखवलं. जॉन हर्टने क्वेंटिन क्रिस्प या उघडपणे समलैंगिक असलेल्या इंग्रज लेखकाचं काम केलं. मेंदी लावलेले केस, रंगवलेली नखं, आणि लंडनच्या रस्त्यांवर मार खाऊनही मान ताठ. तिथे टेबल आहे ते सोहोतल्या स्वस्त कॅफेचं, चहाच्या एका कपावर तासन्‌तास बसणाऱ्या त्याच्या मित्रांचं. कुणाच्या मागे उभं राहायचं नाही आणि कुणी हाकललं तर दुसऱ्या कॅफेत जायचं. मला ते दृश्य कुठल्याही महालातल्या मेजवानीपेक्षा प्रिय आहे.

'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड'चं (ग्रॅनडा, १९८१) काय? सेबॅस्टियनच्या ऑक्सफर्डच्या खोलीतलं ते दुपारचं जेवण, टिटवीची अंडी! आईने गावाकडून पाठवलेली, मोसमाच्या आधीच. ती अंडी तेव्हा श्रीमंतांची चैन होती. इतकी गोळा व्हायला लागली की १९२८ साली टिटवीच्या रक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. तिथे सगळे पुरुषच आहेत, बायकांशी जोडी जुळवायचा प्रश्न नाही, आणि सगळ्या मालिकेत सेबॅस्टियनचा मित्र, गोष्ट सांगणारा चार्ल्स, इतका मोकळा पुन्हा कधी दिसत नाही.

---

कॉर्नवॉलकर

टेबलावरून आठवलं. नाटककार ऑस्कर वाइल्डच्या १८९५ च्या खटल्यात जेवण हाच पुरावा होता. सोहोतलं केटनर्स हे रेस्टॉरंट, तिथली खाजगी खोली, तिथे वाइल्डने चार्ल्स आणि विल्यम पार्कर या भावांना जेवू घातलं. एक व्हॅले, दुसरा मोतद्दार. वाइल्डने ज्याच्यावर बदनामीचा दावा लावला होता त्या लॉर्ड क्वीन्सबरीचा वकील एडवर्ड कार्सन (होय, बटलरचंच आडनाव) खोदून खोदून विचारतो की या मुलांना काय खायला दिलं, शॅम्पेन दिली का. त्याचा रोख असा की सभ्य गृहस्थ नोकरांना आपल्या टेबलावर बसवून शॅम्पेन का पाजेल? काहीतरी काळंबेरं असल्याशिवाय? वाइल्डने उत्तर दिलं की त्यांचा हुद्दा काय याची त्याला पर्वा नव्हती. वाढणाऱ्याला शेजारी बसवणं हे ज्युरीला जवळजवळ गुन्ह्याइतकंच खुपलं असणार. पुढे वाइल्डवरच खटला चालला आणि मे महिन्यात त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

म्हणून ड्यूक पत्रं जाळतो. १९१२ साली वाइल्डच्या खटल्याला सतराच वर्षं झाली होती.

---

मोगरी

सगळी चर्चा पुरुषांचीच चालली आहे, म्हणून 'जंटलमन जॅक' (बीबीसी आणि एचबीओ, २०१९ आणि २०२२). हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डन हॉलची मालकीण ॲन लिस्टर. सुमारे पन्नास लाख शब्दांच्या रोजनिश्या, त्यांतला साधारण सहावा हिस्सा स्वतः बनवलेल्या लिपीत. त्या लिपीत तिने बायकांवरचं प्रेम लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतंय.

ती मालकीण आहे हाच सगळा फरक. टेबल तिचं आहे. म्हातारे वडील, मायाळू आत्या, नाश्त्याला बसल्या बसल्या भांडणारी बहीण मॅरियन, आणि त्यांच्यात ती ॲन वॉकरला आणून बसवते. १८३४ च्या ईस्टरला दोघींनी यॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये एकत्र प्रसाद घेतला. त्यांच्या लेखी ते लग्न होतं. पाव आणि वाइन, एका वेळी, एका ठिकाणी. यापेक्षा साधं जेवण नसेल आणि यापेक्षा मोठंही नसेल.

बायकांवर इंग्लंडमध्ये असा कायदा कधी नव्हता. १९२१ साली कॉमन्सने तशी दुरुस्ती मंजूर केली होती, लॉर्ड्सने ती फेटाळली. बायकांना अशी गोष्ट सुचू नये म्हणून तिचं नावच घ्यायला नको, असा त्यांचा सूर होता. दोन बायका एकत्र राहिल्या तर 'सोबतीण' म्हणून खपून जायच्या. पण खपून जाणं वेगळं आणि ॲन लिस्टरसारखं आपल्या जेवणघरात हक्काने बसवणं वेगळं. तेवढ्यासाठी जमीन लागायची, कोळशाच्या खाणी लागायच्या.

---

पैलतीर

मी मँचेस्टरमध्ये राहतो, मूळचा सांगलीकडचा. या धाग्यावर लिहू की नको असं बराच वेळ चाललं होतं.

तुम्ही सगळे वाड्यांबद्दल बोलताय. माझ्यासाठी टेबल बदललं ते रसेल टी. डेव्हिस यांच्या मालिकांत. 'क्वीअर ॲज फोक' फेब्रुवारी १९९९ मध्ये चॅनल फोरवर आली, आमच्याच कॅनल स्ट्रीटची, गे बारच्या रस्त्याची, गोष्ट. तिच्यातली व्हिन्सची आई हेझल मला फार आवडते. तिच्या घरी कुणीही येऊन खातं, पंधरा वर्षांचा नेथन घर सोडून आला तर त्यालाही ती ठेवून घेते. दाराआड लपलेलं कुणी नाही, वाढायला मागे उभं कुणी नाही.

आणि मग 'इट्स अ सिन', २०२१. ती बघितली नसेल तर बघा, पण मन घट्ट करून. १९८१ पासूनचा लंडन, पाच तरुण, 'पिंक पॅलेस' नावाचा फ्लॅट. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर असं टेबल बघितलं की जे त्यांचं स्वतःचं आहे. मोडकं, पसारा असलेलं, पण कुणाच्या मेहेरबानीवर नाही. मग एड्स येतो. आजारी मित्र ग्रेगरी येतो, चहा पितो, आणि तो गेल्यावर त्या पाचांतली जिल तो मग घासते, पुन्हा घासते, आणि शेवटी फोडून टाकते. जिल, जी सगळ्यांत प्रेमळ आहे! भीतीने एका चांगल्या बाईचं काय होतं हे त्या एका मगात दाखवलंय. त्याआधी रुग्णालयात हेन्री एकटा खोलीत पडलेला असतो आणि जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवून कर्मचारी निघून जातात. कॉलिन, हेन्रीच्या हाताखाली काम करणारा साधा वेल्श मुलगा, तिथे त्याला भेटायला जातो. पुढे कॉलिनलाच कायद्याच्या आधाराने खोलीत कोंडतात.

विटाळ कसा असतो हे मला वेगळं शिकवायला लागलं नाही. आमच्या गावात आजी कपबशी वेगळी ठेवायची, कुणासाठी ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तो मग बघून मी मालिका थांबवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता माझं सांगतो. मी आणि माझा जोडीदार, आमचं इथे रीतसर लग्न झालंय. त्याआधी भारतात आलो होतो. भावाच्या लग्नात केळवणांची रांग लागली होती, आमचं नाव कुणी काढलं नाही. मला अपेक्षाही नव्हती. पंगतीत त्याला 'लंडनचा मित्र' म्हणून दुसऱ्या टेबलावर पाहुण्यांत बसवलं. कुणी वाईट वागलं नाही, आग्रहाने वाढलं, पण मी एका टोकाला आणि तो दुसऱ्या. मग निघायच्या दोन दिवस आधी आत्याने फोन केला, दोघांनी जेवायला या. गेलो तर दोन पाट शेजारी शेजारी, ताटाभोवती रांगोळी, पुरणपोळी, अळूचं फदफदं. तिने दोघांना ओवाळलं. "केळवण आहे" एवढंच म्हणाली. माझ्या जोडीदाराला काही कळलं नाही, तो आपला आवडीने अळू खात होता. मला घास उतरत नव्हता.

पाचपाकळी, तुम्ही लिहिलंत की दोन पुरुषांना जोडीने येण्याला जागाच नव्हती. ते वाचून हे लिहायचं ठरवलं.

---

खडीसाखर

पैलतीर, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आत्यांना माझा नमस्कार सांगा.

---

पाचपाकळी

पैलतीर, दोन पाट शेजारी मांडले हे वाचून डोळे भरले. आत्या किती खंबीर असतील. तुम्हा दोघांना पुढच्या वेळी पुण्याला येणं जमलं तर आमच्याकडे जेवायला यायचं, हे आमंत्रण समजा.

---

उंबरठा

पैलतीर, धन्यवाद. 'इट्स अ सिन'मधला अ‍ॅश मुखर्जी आठवा. तो शाळेत शिकवतो आणि त्याला ग्रंथालयातली 'तसली' पुस्तकं शोधून काढायला सांगतात, कलम २८ मुळे. मे १९८८ मध्ये ते लागू झालं. समलैंगिकतेला 'उत्तेजन' द्यायला स्थानिक संस्थांना बंदी. स्कॉटलंडमध्ये २००० साली रद्द झालं, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पर्यंत राहिलं. अ‍ॅश सगळं ग्रंथालय पालथं घालतो आणि सांगतो की काहीच सापडलं नाही, कारण कधी काही नव्हतंच. शतकानुशतकांच्या पुस्तकांत त्याच्यासारखा एकही माणूस नाही.

आपल्याकडचं ३७७ हेही त्याच राज्यकर्त्यांनी १८६० च्या दंडसंहितेत लिहिलेलं. त्यांनी स्वतःच्या घरी १९६७ साली कायदा सैल केला, फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरता, एकवीस वर्षांवरच्यांसाठी, खाजगी जागेत. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

ब्रूस यांच्याबद्दल मी वर लिहिलं, तर त्यांची पूर्ण गोष्ट सांगायला हवी. डाऊन्टनच्या कलाकारांना खुर्चीला पाठ न टेकता बसायला शिकवणारा हा माणूस पुढे मेजर जनरल झाला, २०१९ मध्ये एडिंबरा कॅसलचा गव्हर्नर झाला, आणि तो उघडपणे गे आहे. ज्या सैन्यात २००० सालापर्यंत गे असणं म्हणजे बडतर्फी, त्या सैन्यात. थॉमसच्या हातातला ट्रे किती अंशात धरायचा हे सांगणाऱ्याला थॉमसचं दुःख आतून कळत असणार असं मला वाटतं.

---

रानजाई

पैलतीर, तुमच्या प्रतिसादासाठी हा धागा काढला असं आता वाटतंय.

एक राहिलंच. डाऊन्टनचे चित्रपट कुणी बघितलेत का? पहिल्यात (२०१९, कथा १९२७ ची) थॉमस यॉर्कमध्ये एका गुप्त क्लबात जातो, तिथे पुरुष पुरुषांबरोबर नाचतायत. तो दारात थबकतो. त्याला अशी जागा असू शकते हेच माहीत नसतं. मग पोलिसांची धाड पडते आणि राजाचा व्हॅले रिचर्ड एलिस त्याला सोडवून आणतो. दुसऱ्यात (२०२२, कथा १९२८ ची) चित्रपटातला नट गाय डेक्स्टर त्याला आपल्याबरोबर अमेरिकेला ये म्हणतो. आणि ये म्हणतो ते कशाला, तर माझा ड्रेसर हो, माझं घर सांभाळ.

काही जणांना यात थॉमसचा अपमान वाटला, पुन्हा नोकरीच का म्हणून. मला उलट वाटतं. १९२८ साली दोन पुरुषांना एका घरात, कुणी भुवई न उंचावता राहायचं असेल तर मालक आणि नोकर हे नातं सगळ्यात भक्कम होतं. ज्या व्यवस्थेने त्याला पंधरा-सोळा वर्षं खुर्चीमागे उभं केलं तिचाच गणवेश ते दोघं आडोसा म्हणून वापरतात. बाहेरच्यांसाठी एक मालक, एक नोकर. पाहुणे गेल्यावर, दार लावल्यावर, दोघं कसे बसत असतील ते चित्रपट दाखवत नाही. मी मात्र मनात समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या आहेत आणि पदार्थ फ्रेंच पद्धतीने मध्येच ठेवलेत, म्हणजे वाढायला उठायला नको.

मोगरी, 'जंटलमन जॅक'वर वेगळा धागा काढाल का? रोजनिश्यांची लिपी कशी उलगडली त्यावर वाचायला आवडेल.